बोटभर फट

"पूस ते! आधी पूस!"

डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच मी ओरडले. कामावरचे गडी हातातलं टाकून बघायला लागले. माझी लेक वैजू मात्र उकिडवी बसून शांतपणे लोखंडी सळयांना ग्रीस फासत होती. कोपरापर्यंत काळी झालेली. आणि हे कुठं, तर जिथं चार दिवसांनी जवळा वाळत पडायचा तिथं.

"आये, हे आत गाडलं जाणार हाय. वर काय येत नाय."

"आत काय नि वर काय! खायच्या मासळीखाली गाडीचं तेल? तुझ्या ठेकेदाराच्या ताटाखाली फास जा."

"सगळ्या सळईला नाय फासत. अर्ध्यालाच."

"अर्धं विष घातलं तर माणूस अर्धा मरतो काय?"

गडी हसले. वैजूनं मान वर केली नाही. सळईचं एक टोक आधी ओतलेल्या लादीत घट्ट रुतलेलं होतं. बाहेर आलेल्या अर्ध्या भागाला तिनं ग्रीस लावलं, टोकावर पत्र्याची टोपी बसवली आणि पुढच्या सळईकडं सरकली. दोन लाद्यांच्या मधे तिनं जाड पुठ्ठ्यासारखी एक मऊ फळी उभी केली होती. म्हणजे लाद्या सळयांनी जोडायच्या, पण चिकटू द्यायच्या नाहीत. मला तर काही कळेना. जोडायचं तर नीट जोडावं, नाहीतर सोडून द्यावं.

आमच्या कोळीवाड्यात खळं म्हणजे काय ते आधी सांगते. जवळा ही नखाच्या टोकाएवढी कोळंबी. होडीतून आली की उन्हात पसरायची, उलटायची, वाळली की पाखडून भरायची. हे सगळं खळ्यावर, आणि सगळं बाईनं करायचं. आमची खळी मातीची होती. पाऊस सरला की माती चोपायची, शेणानं सारवायची, आणि एक भेग दिसता कामा नये. भेगेत जवळा अडकतो, कुजतो, त्याला किडे होतात, मग सगळी रास नासते. माझ्या खळ्याला एकदा केसाएवढी भेग गेली होती तेव्हा सासूनं भर वाड्यात विचारलं होतं, "हात मोडले काय गो तुझे?" भेग म्हणजे बाईची लाज. आणि माझी लेक मापं घेऊन, दोरी लावून, भेगा पाडत होती.

सरकारनं आमच्या बंदराला पक्कं खळं मंजूर केलं, ते काम सावे नावाच्या ठेकेदारानं घेतलं. वैजू तालुक्याला राहून बांधकामाचं शिकून नुकती आलेली. सावेनं तिला देखरेखीला ठेवली, ती काही तिच्या अक्कलहुशारीवर भाळून नाही. गावची पोरगी आहे, बायकांची तोंडं बंद ठेवील, असा त्याचा हिशोब. तिला सरळ सांगून टाकलं होतं, बायकांनी कुरकुर न करता खळं घेतलं तर पुढं पुलाच्या कामावर नेतो, नाहीतर घरी बस.

घरी बसली असती तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. माझी जाऊ चांगुणा तेवढ्याचीच वाट बघत होती. पोरीला शिकायला धाडली तेव्हा तीच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली होती, "सिमेंट कालवायला शाळा लागते काय? आमच्या घरी ये म्हणावं, मी फुकट शिकवते."

खळ्याचा कारभार तेव्हा माझ्याकडं. कुणी कुठं पसरायचं, कुणाची पाळी कधी, भांडणात आधी कुणी तोंड मिटायचं, ते हरकूबाय सांगणार. मला कुणी निवडली नव्हती. सासूच्या मागं माझ्याएवढा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता, एवढंच.

त्या संध्याकाळी मी वैजूला ताटावरच धरली.

"ती फट कशाला ठेवलीस?"

"लादी वाढते, आये."

"काय होते?"

"वाढते. उन्हानं काँक्रीट तापलं की वाढतं, गार झालं की आकसतं."

"दगड वाढतो?" मी नवऱ्याकडं बघितलं. "ऐका. माझ्या लग्नातला पाटा आहे चुलीपाशी. रोज चुलीची धग खातो. एव्हाना त्याचं जातं व्हायला पाहिजे होतं."

"केसाएवढं वाढतं गो! पण एवढ्या लाद्या एका ओळीत. सगळ्या एकदम वाढल्या आणि सरकायला जागा नसली, तर एकमेकींना रेटतात. मग त्यातली एखादी उचलली जाते, नायतर कडा फुटतात."

"मग सुट्याच ठेवायच्या. सळया कशाला घालतेस?"

"सुट्या ठेवल्या तर एक खचते नि दुसरी वर राहते. टेम्पो आला की कडेवर आपटतो. सळई दोघींना एका पातळीत धरते. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला ग्रीसमधे सरकती. वरखाली होऊ द्यायचं नाय, मागंपुढं होऊ द्यायचं."

माझा नवरा धाकू बोलणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी त्याला काय झालं कुणास ठाऊक. "होडीच्या फळ्यांतबी आपण कापूस ठोकतोच की," तो म्हणाला. "लाकूड फुगतं."

"तुम्ही जेवा," मी म्हटलं.

वैजू हसली, आणि माझं डोकं आणखी फिरलं. "लाकूड झाडाचं असतं, ते फुगेल नायतर सुकेल. सिमेंट कधी झाड होतं? तुझ्या मास्तरानं कधी जवळा वाळवलाय? त्याच्या बायकोनं वाळवलाय? बोटभर फट म्हणजे त्यात ओंजळभर जवळा. किडे पडतील तेव्हा बोलव त्याला वेचायला."

"फट उघडी नाय राहायची. वरून रबरासारखं भरण भरायचं हाय. ते दबतं नि परत वर येतं. पडायला जागाच नाय."

"मग आणा की ते."

इथंच तिचं घोडं अडलं होतं. सावे ते आणत नव्हता.

त्यानं रबराऐवजी डांबर आणून ओतलं. वैजूनं त्याच्याशी हुज्जत घातली, पण सावेच्या लेखी काळं ते सगळं एकच. चांगुणाला पहिल्यानं जवळा पसरायची घाई. पक्क्या खळ्यावर पहिली मासळी माझी, असं तिला पुढं सांगता यायला हवं होतं. मी पसरू दिला, म्हटलं, होऊ दे तिची हौस. सकाळी सगळं छान दिसत होतं. लाद्यांवर गुलाबी जवळा, आणि मधे काळ्या रेघा.

दुपारी चांगुणाची किंकाळी आली.

डांबर पातळ झालं होतं. रेघेवरचा जवळा त्यात रुतलेला, आजूबाजूचा चिकटलेला, आणि तो उलटायला गेली तर तिच्या पायांचे काळे ठसे सगळ्या राशीवर. वास असा की कावळेसुद्धा कौलांवरून खाली येईनात. चांगुणा खळ्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात नाचवत होती. "ये गो वैजयंतीबाय, ये! बघ तुझी कारागिरी! हे आता रस्त्यावर पसर, मोटारी चालव यावरून!"

वैजू आली. डांबर तिचं नव्हतं, सावेचं होतं. पण तिनं तसं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. ती नुसती म्हणाली, "काढून टाका. मी दुसरं आणवते."

बायकांनी कोयते आणले आणि डांबर खरवडून काढलं. खाली फळीपर्यंत फटी मोकळ्या झाल्या. रबर आज येतं, उद्या येतं, म्हणत दिवस गेले. मोकळ्या फटीवर कुणी पसरायला तयार नव्हतं, मातीची खळी लाद्यांखाली गेलेली, येणारा थोडाथोडका जवळा दारात चटईवर वाळत होता, आणि जवळ्याचा हंगाम काही कुणासाठी थांबत नाही. पाण्याच्या टाकीपाशी, देवळापाशी, जिथं जाईन तिथं बायका मलाच धरायच्या. "हरकूबाय, तुझी पोरगी तुझं ऐकत नाय काय?" याच्याइतकं मला झोंबणारं बोलणं दुसरं नव्हतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मीच बोलले, "भरू या. सिमेंटनं भरून टाकू. सारवतो तसं सारवू, मग कुठली फट नि काय." बायका खुलल्या. मी घरी येऊन वैजूला सांगितलं.

"नाय," ती म्हणाली.

"नाय म्हणजे?"

"नाय म्हणजे नाय भरायचं. सिमेंट भरलं तर फट ठेवून उपयोग काय? ते फळीवर जाऊन दगड होऊन बसणार."

"वैजू, खळं आमचं हाय."

"खळं तुमचं, पण काम माझं."

मी तिच्याशी त्या दिवशी जेवणापर्यंत बोलले नाही, आणि जेवताना जे बोलले ते सांगण्यासारखं नाही. ती ऐकून घेत होती. प्रत्येक वेळी तेच, "नाय भरायचं." माझ्या तोंडाला तोंड देऊन टिकलेलं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. राग असा येत होता की ताट भिंतीवर मारावं. आणि मधेच वाटायचं, ही कुणावर गेली?

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका घमेली घेऊन खळ्यावर आल्या. सिमेंट पातळ कालवलेलं. चांगुणानं कासोटा आवळला, पहिल्या फटीशी बसली आणि सारवायला घ्यावं तसा हात पुढं केला. एवढ्यात सावे मोटारसायकलवरून उतरला. मागून वैजू धावत आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं.

"चांगुणाकाकी, थांब!"

"का थांबू? तुझ्या आयेनंच सांगितलंय."

वैजूनं माझ्याकडं बघितलं. मी नजर फिरवली नाही. का फिरवावी? मी सांगितलंच होतं.

सावेनं तिला बाजूला घेतली, पण त्याचा आवाज बाजूला घेण्यासारखा नव्हता. "अगं, कशाला ताणतेस? बायका म्हणतायत भरू, तर भरू दे. पुढच्या आठवड्यात साहेब लोक नारळ फोडायला येणार. काम संपव."

"साहेब, मे महिन्यात उखडेल."

"या मे महिन्यात की पुढच्या?"

"ते सांगता नाय येत."

"मग झालं तर! उखडेल तेव्हा बघू. तोवर आपण कुठं आणि हे खळं कुठं. तुला पुलावर यायचंय ना?"

वैजू उभी राहिली. वारा पडला होता. काँक्रीटवरून झळा येत होत्या. ती सावेकडं बघत नव्हती, चांगुणाकडं नाही, माझ्याकडं तर नाहीच. मग ती म्हणाली, "भरा."

हेच तर मला ऐकायचं होतं. एवढे दिवस या एका शब्दासाठी मी घसा फोडला होता. बायका हसल्या, चांगुणानं "देव पावला गो बाय!" म्हणून हात जोडले. आणि वैजूनं काय केलं, तर शेजारची थापी उचलली, घमेल्यात बुडवली आणि पहिली थाप टाकायला स्वतः खाली बसली. शाळेतून मार खाऊन आलेलं पोर पुस्तकात डोकं घालून बसतं ना, तशी.

मी कधी पुढं झाले ते मला आठवत नाही. माझा पाय फटीवर होता आणि तिची थापी माझ्या पायाशी.

"ठेव ती खाली."

"आये?"

"थापी ठेव."

"आये, तूच तर बोललीस—"

"मी घरात बोलले. आता इथं बोलतेय. ठेव."

चांगुणा उठून उभी राहिली. "हरकू, डोकं ठिकाणावर हाय काय? काल तूच बोललीस, भरू या."

"बोलले."

"मग?"

"आज नाय बोलत."

"हे काय चाललंय?" सावे पुढं आला. "बाई, तुमचीच मागणी होती ना?"

"शेठ, तुम्ही हिला कशाला ठेवलीत? बायकांची तोंडं मिटायला? ती मी मिटवते, मला पगार नको. ही फट कशानं भरायची ते तिनं तुम्हाला सांगितलंय. ते रबर आणा. ते येईस्तोवर या खळ्यावर एक जवळा पडणार नाय. साहेब लोक नारळ फोडायला येतील तेव्हा त्यांना मोकळं खळं दाखवा. मी बाजूला उभी राहीन आणि का मोकळं ते सांगीन. माझा आवाज तुम्ही ऐकलाय."

सावेचा चेहरा आंबट झाला. तो वैजूकडं वळला, "तुझ्या आईला समजाव."

वैजूनं थापी खाली ठेवली. उठली. हाताचं सिमेंट पुसलं. "रबर आणा, साहेब," ती म्हणाली.

तो मोटारसायकलला लाथा मारत गेला. खरा तमाशा त्याच्यानंतर झाला. होड्या त्याच दिवशी लागणार होत्या. जवळा येणार होता, भरपूर येणार होता.

"आणि आमची मासळी कुठं पसरायची?" एका बाईनं विचारलं.

"रेतीवर."

रेतीवरचा जवळा कसा होतो ते सगळ्यांना माहीत. दाताखाली कचकचतो. खायला कुणी घेत नाही, कोंबड्यांच्या खाद्याला जातो. माझी होडी सगळ्यांत मोठी, म्हणजे माझाच जवळा सगळ्यांत जास्त कोंबड्यांना जाणार होता. पण ते कोण मोजतंय?

चांगुणानं घमेलं उलटं केलं, सगळं सिमेंट वाळूत ओतून टाकलं. "पोरीच्या हौसेपायी आमचा हंगाम कोंबड्यांच्या घशात घाल," ती म्हणाली. ओरडली नाही. ती ओरडली असती तर मी तिला उत्तर दिलं असतं.

एकेक करून बायका गेल्या. खळ्यावर मी आणि वैजू राहिलो. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले, पण पाणी खाली पडू देत नव्हती.

"आये, तुला पटलं?"

"काय?"

"लादी वाढते ते."

"नाय," मी म्हटलं. "दगड वाढत नाय."

"मग कशाला—"

"तू बोललीस ना, फट ठेवायची? मग ठेवायची. मी भांडले तरी ठेवायची. सगळा वाडा उरावर बसला तरी ठेवायची. माझ्यासमोर एवढे दिवस नाय-नाय करत उभी राहिलीस, आणि त्या मोटारसायकलवाल्यापुढं एका वाक्यात बसलीस? तुला बसायचंच होतं तर माझ्यापुढं बसायचं होतंस. मी तुझी आय हाय."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं पदरासारखी ओढणी तोंडावर धरली. मी म्हटलं, "चल, जवळा येईल. रेती झाडायला लाग."

रबर आलं. साहेब लोक येणार म्हटल्यावर सावेला ते मिळालं, आधी मिळत नव्हतं. राखाडी, मऊ, बिनवासाचं. वैजूनं एकेका फटीपाशी बसून ते भरलं. बायकांनी खळं घेतलं, पण तोवर चांगला जवळा रेतीवर गेलेला होता. पुढच्या हंगामात खळ्याचा कारभार चांगुणाकडं गेला. माझ्याशी कुणी भांडलं नाही. मला विचारायचं बंद केलं, एवढंच. पाळी कुणाची, जागा कुणाची, मला कळायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. भांडणाची मला सवय होती, याची नव्हती. वैजू पुलाच्या कामावर गेली. सावेनं नेली नाही, दुसऱ्या कुणी नेली.

त्या पहिल्या मे महिन्यात मी भर उन्हात खळ्यावर जायचे. वाकून फटीवर हात फिरवायचे. दुपारी रबर जरा फुगल्यासारखं लागायचं, पहाटे जरा बसल्यासारखं. की मलाच तसं वाटायचं? कुणाला दाखवावं म्हटलं तर दाखवण्यासारखं काही नव्हतं. एक लादी उचलली नाही. एक कडा फुटली नाही. वर्षामागून वर्षं गेली, खळं जसंच्या तसं.

आणि हीच माझी सगळ्यांत मोठी पंचाईत. बिघडलं असतं तर बोट दाखवता आलं असतं. धड राहिलं त्याचं काय दाखवणार?

परवा चांगुणा माझ्या शेजारी बसून जवळा पाखडत होती. आता दोघींचेही गुडघे गेलेत, त्यामुळं भांडायला उठता येत नाही. ती फटीकडं बघून म्हणाली, "बघ हरकू, एवढी वर्षं झाली. उचलली काय एक तरी लादी? उगाच पोरीच्या नादानं फटी ठेवल्यास. पोरींना सांगते, या खेपेला सिमेंट भरून टाका, रबर जुनं झालंय."

मी तोंड उघडलं. फट आहे म्हणूनच उचलली नाही, हे तिला सांगायचं होतं. पण ती म्हणाली असती, भरली असती तरी उचलली नसती. आणि त्यावर मी काय बोलणार? मी नुसती सुपातला कचरा उडवत राहिले, आणि तो सगळा तिच्या अंगावर गेला.

संध्याकाळी वैजूचा फोन आला. मी चिडून सगळं सांगितलं. ती पलीकडं हसतच सुटली.

"मग भरू दे तिला एकदा," ती म्हणाली. "दोन उन्हाळ्यांत कळेल."

"वा गो! एवढ्यासाठी रेतीवर मासळी घातली काय मी?"

"आये, खरं सांग. तुला अजून पटलं नाय ना?"

"नाय पटलं," मी म्हटलं. "पण तिनं त्या फटीला हात लावून तर दाखवावा."